रोज बिघडणारी कॉफी

आयुष्यात मी सगळ्यात जास्त खोटं बोलले ते कॉफीबद्दल. तसं खोटं बोलणं माझ्या स्वभावात नाही. उलट खरं बोलून बोलूनच माझी निम्मी भांडणं झालीत. नणंदेच्या मुलीच्या लग्नात श्रीखंड आंबलंय हे अख्ख्या पंगतीत मी एकटीच बोलले होते, आणि ती गोष्ट अजून मला ऐकवली जाते. पण मागच्या दिवाळीनंतर दीड-दोन महिने, रोज सकाळी साडेसहाला, स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी राहून मी पोटच्या पोरीशी धडधडीत खोटं बोलत होते. सांगायला लाज वाटते, पण मला ते फार आवडत होतं.

आमचं गाव कर्जतहून कळंबकडे जाणाऱ्या रस्त्याला. घरात आम्ही दोघंच. हे खोपोलीकडच्या एका कारखान्यातून निवृत्त झाले, मी अंगणवाडीतून. दोघांनाही चहाचं वेड. सकाळी गवती चहा घालून, दुपारी आलं घालून, आणि पावसात भिजून आलं की कोरा. कॉफीला आमच्याकडे औषधाचा मान होता. कुणाला ताप आला, कुणाची एकादशी असली किंवा पुण्याकडचे पाहुणे आले, तरच दुकानातून छोटी पुडी यायची. ती दुधात उकळायची, वर जायफळ किसायचं. कॉफी म्हणजे एवढंच, असं मी साठीला टेकेपर्यंत समजत होते.

लेक बंगळूरला नोकरीला आहे. जाऊन सहा वर्षं झाली. पहिल्या वर्षी दिवसातून दोनदा फोन यायचा, भाजीत मीठ जास्त झालं तर काय करू इथपासून सगळं. मग रोज एकदा. मग रविवारी. मग रविवारही चुकायला लागले, आणि आला फोन तरी दोन मिनिटांत ‘आई, ठेवते गं, काम आहे’. रविवारी कसलं काम? पण कारण मला पक्कं ठाऊक होतं. फोन उचलला की माझं पहिलं वाक्य ‘जेवलीस का’ आणि दुसरं ‘अगं, एक स्थळ आलंय’. तिसऱ्या वाक्याला ती गप्प व्हायची आणि मी चढायचे. कळत होतं सगळं, पण जित्याची खोड. फोन ठेवल्यावर मीच स्वतःला शिव्या घालायचे आणि पुढच्या वेळी पुन्हा तेच.

त्या दिवाळीला ती येणार होती. मी करंज्यांचं सारणसुद्धा तिच्या आवडीचं, खसखस जास्त घालून केलं होतं. चार दिवस आधी फोन आला, सुट्टी मिळत नाही. मी म्हटलं, ‘बरं.’ एवढंच. माझ्या तोंडून नुसतं ‘बरं’ निघालं की घरातली मांजरसुद्धा बाहेर जाते. लेकही घाबरली असावी, कारण धनत्रयोदशीला कर्जतला पार्सल येऊन पडलं. हे जाऊन घेऊन आले. आत एक काचेचं भांडं निघालं. त्याच्या झाकणातून खाली गेलेला दांडा, दांड्याच्या टोकाला बारीक जाळी. आणि जाड कागदाची एक मोठी पिशवी, तीत काळपट बिया.

‘ताक घुसळायचं दिसतंय,’ हे दांडा वरखाली करत म्हणाले.

‘आणि ह्या बिया?’

त्यांनी एक बी दाताखाली धरली, तोंड वाकडं केलं. ‘कॉफी हाय गं. वास घे ना. पन कडू हाय, वालासारखी.’

मी ते सगळं फळीवर मागे सारून दिलं. लेक आली नाही आणि बिया आल्या, त्यांना काय ओवाळायचं? पण भाऊबीज झाली, फराळाचे डबे तळाला गेले, घर पुन्हा चिडीचूप झालं, आणि एका संध्याकाळी मला त्या पिशवीची दया आली. म्हटलं, पोरीनं पैसे घालून पाठवलंय, करून तर बघू.

आता मी काय केलं ते सांगते, हसायचं असेल तर हसा. आमच्याकडे टणक बी दिसली की ती संध्याकाळी भिजत घालायची, यात विचार करण्यासारखं काही नसतं. वाल असो, मूग असो, चवळी असो. त्यात हे म्हणालेले की वालासारखी कडू. मग काय विचारता! आमच्याकडचा वाल कडवा, त्याचं भिजवलेलं पाणी टाकून द्यायचं हे इथल्या पोरींना कुणी शिकवावं लागत नाही. मी दोन मुठी बिया पातेलीत भिजत घातल्या. सकाळी बघते तर पाणी काळंकुट्ट. म्हटलं, बरं झालं, कडूपणा उतरला. ते पाणी मोरीत ओतलं, बिया आणखी दोन पाण्यांनी खळखळून धुतल्या, मग दूध, साखर, जायफळ घालून चांगल्या अर्धा तास उकळल्या.

ह्यांनी बशीत ओतून एक घोट घेतला. बशी खाली ठेवली, मिशी पुसली. मग म्हणाले, ‘दूध म्हनून चांगलं हाय.’

माझं डोकं फिरलं. तसाच फोन लावला. कामाच्या दिवशी सकाळी मी कधी फोन करत नाही, त्यामुळे ती घाबरूनच बोलली, ‘आई, काय झालं? बाबा बरे आहेत ना?’

‘बाबांना काय धाड भरलीय? तुझी कॉफी नासकी आहे. रात्रभर भिजवली, अर्धा तास उकळली, रंगसुद्धा सोडत नाही मेली.’

‘भिजवलीस? आई... आणि ते पाणी?’

‘टाकलं. कडू पाणी ठेवतात का?’

पलीकडे काही ऐकू येईना. मला वाटलं, रेंज गेली. मग हसू ऐकू आलं. आधी नाकातून, मग सगळंच फुटलं. ‘आई, तू कॉफी मोरीत ओतलीस आणि चोथा उकळलास!’ एवढं तिला तीन तुकड्यांत बोलता आलं. पोर हसता हसता खोकायला लागली. लहानपणी ती अशी हसायची, भिंतीला टेकून खाली बसेपर्यंत. किती वर्षांनी ऐकत होते मी! मलाही हसू आलं आणि हसता हसता डोळे गळायला लागले, ते पुसायला पदर घेतला तर फोन मोरीत पडता पडता राहिला. त्या दिवशी आम्ही इतका वेळ बोललो की तिची ऑफिसची गाडी चुकली. स्थळाचा विषय निघाला नाही, कारण मला आठवलंच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला फोन वाजला. तिनं केलेला. ‘आई, पाणी ठेव. आज मी सांगते तसं करायचं.’

आमच्या घरात रेंज मिळते ती फक्त स्वयंपाकघराच्या खिडकीत, गजाला टेकून. तिथं फोन उभा ठेवायचा आणि समोर ओट्यावर माझी शाळा. ती तिच्या ओट्यापाशी, मी माझ्या. तिचंही पाणी उकळत असायचं, मला त्याचा आवाज ऐकू यायचा.

पहिला धडा दळणाचा. ‘मिक्सर सलग फिरवू नकोस, तापतो आणि कॉफी करपते. थांबून थांबून फिरव. पीठ करायचं नाही. रवा हवा, आणि तोही लाडवाचा नाही, उपम्याचा.’ हे मात्र मला लगेच समजलं. पोर माझीच, तिला ठाऊक होतं की मला ग्रॅम सांगून उपयोग नाही. दुसरा धडा, लागेल तेवढंच त्या वेळी दळायचं. मी शहाणपणा करून आठवड्याचं एकदम दळलं आणि मसाल्याच्या जुन्या बरणीत भरलं होतं. दोन दिवस कॉफीला लसणाचा आणि मिरचीचा वास. हे म्हणाले, ‘हिच्यात सुकट घाल, झाक होईल.’

मग पाणी. चहाला तीनदा उतू येऊ द्यायची माझी सवय, पण कॉफीवर उकळतं पाणी घालायचं नाही. गॅस बंद करायचा आणि तीस आकडे मोजायचे. अंगणवाडीत एवढी वर्षं पोरांकडून आकडे म्हणून घेतले, आता म्हातारपणी ओट्यापाशी उभी राहून मीच म्हणत होते, आणि फोनमधून ती कान देऊन ऐकत असायची. पाणी कुठलं घेतेस, हेही तिनं विचारलं. बोअरचं म्हटल्यावर म्हणाली, ‘त्यानं चव मरते. विहिरीचं घे.’ तेव्हापासून हे रोज सकाळी एक कळशी विहिरीचं आणायला लागले, कॉफी न आवडणारा माणूस!

काचेचं भांडं आधी गरम पाण्यानं विसळून घ्यायचं. एका कपाला दोन चमचे पूड. आधी ती भिजेल इतकंच पाणी. पूड ताजी असली की ती फुगून वर येते, बुडबुडे सोडते. पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा मी ओरडलेच, ‘अगबाई, जिती झाली!’ मग उरलेलं पाणी, वर झाकण, आणि चार मिनिटं थांबायचं. हात लावायचा नाही, ढवळायचं नाही, डोकवायचं नाही. चार मिनिटं झाली की दांडा हलक्या हातानं खाली दाबायचा.

ही चार मिनिटं खरी. मला आधी वाटलं, हा काय वेळेचा नास. चहा कसा, ओट्यापाशी उभं राहून त्याच्याशी झटापट करावी लागते, तुम्ही दुसरीकडे बघितलं की तो उतू जातो. कॉफी म्हणते, तुम्ही तुमचं बघा. तिथं ती मोकळी, इथं मी मोकळी, दोघींच्या हाताला काम नाही आणि फोन ठेवायचा नाही, कारण दाबायचं कधी ते ती सांगणार. मग बोलण्याशिवाय करायचं काय?

आणि ती बोलायला लागली. तिच्याबरोबर राहणारी मैत्रीण लग्न करून गेली आणि आता खोली मोठी वाटते. ऑफिसात नवा साहेब आलाय, तो हिचं काम स्वतःच्या नावावर दाखवतो. गुडघा दुखतो, जिने आहेत ना. एकदा म्हणाली, ‘आई, दहावीला तू मला जागं ठेवायला कॉफी करून द्यायचीस, आठवतं? त्यात जायफळ घालायचीस. जायफळानं झोप येते गं! मी पुस्तकावर डोकं ठेवून झोपायचे आणि तू वरून चादर घालायचीस.’ मला खरंच माहीत नव्हतं. मला वाटायचं पोर अभ्यास करून दमते. मी म्हटलं, ‘तरी पास झालीस ना?’ तर म्हणाली, ‘ती चादर बरी वाटायची.’ एवढं बोलून थांबली आणि म्हणाली, ‘चार झाली. दाब.’

मी मनाशी गाठ मारली. या चार मिनिटांत स्थळ हा शब्द काढायचा नाही. जीभ चावेन, पण काढणार नाही.

आठ-दहा दिवस खरोखरच बिघडत होती. कधी आंबट, कधी कडू, कधी तळाला गाळ. आणि मग एका सकाळी ती जमली. दांडा असा खाली गेला, जसा लोण्यात चमचा. कपात ओतली, थोडं गरम दूध घातलं, पहिला घोट घेतला आणि लगेच दुसरा. कडू होती, पण ते कडूपण जिभेवर बसत नव्हतं, मागे काहीतरी भाजलेल्या शेंगदाण्यासारखं गोड ठेवून जात होतं. म्हणजे माझी लेक रोज सकाळी हे पिते, मी मनात म्हटलं. सहा वर्षं तिच्या तोंडाला कसली चव असते तेसुद्धा मला माहीत नव्हतं.

‘कशी झाली?’ तिनं विचारलं.

‘छान झाली’ हे शब्द अगदी ओठावर आले होते. पण मग लक्षात आलं. छान झाली म्हटलं की शाळा संपली. उद्या फोन कशाला करेल ती? पुन्हा रविवार, पुन्हा दोन मिनिटं, पुन्हा ‘ठेवते गं’.

‘बिघडली गं,’ मी म्हटलं. ‘आंबट झालीय.’

‘मग पाणी जास्त गार झालं असेल. उद्या वीसच मोज. मी आहे फोनवर.’

झालं. तिथून माझ्या खोट्याची गाडी सुरू झाली ती थांबेचना. आणि खोटं बोलणं काय सोपं असतं? एकच रड रोज सांगून चालत नाही. आंबट सांगितलं की ती म्हणणार, दळण जाड झालं किंवा पाणी गार. कडू सांगितलं की दळण बारीक किंवा वेळ जास्त. गाळ म्हटलं की म्हणणार, दाबताना घाई केलीस. पांचट म्हटलं की पूड कमी. मी सगळे रोग आलटून पालटून लावत होते. सोमवारी आंबट, मंगळवारी कडू, बुधवारी जरा बरी पण गाळ. इतके रोग पाठ झाले की मला डॉक्टरच म्हणायला हवं होतं. आणि इकडे कॉफी रोज अशी उतरत होती की काय सांगू!

अडचण एकच, आमचे हे. सुरुवातीला तोंड वाकडं करणारा माणूस आता सकाळी माझ्या आधी बशी घेऊन बसायचा. एकदा मी फोनवर ‘आज फारच कडू’ म्हणतेय आणि हे मागून, ‘आगं, बेस हाय की! आनखी दे जरा.’ मी असे डोळे वटारले की बशी हातात तशीच राहिली. फोन ठेवल्यावर त्यांना सगळं सांगावं लागलं. ऐकून घेतलं, मिशीतल्या मिशीत हसले आणि म्हणाले, ‘येडी हाय काय गं तू?’ त्यांना काय जातंय. त्यांच्याशी ती कधी तुटक बोललीच नव्हती. दुपारी विहिरीपाशी रेंज असते, तिथं कट्ट्यावर बसून बाप-लेक आपले गप्पा मारतात, हे मला नंतर समजलं.

पौष निम्मा झाला. शेतात वालाला शेंगा भरल्या, पोरं पोपटीची, म्हणजे त्या शेंगा भरून जाळात भाजायची, मडकी शोधायला लागली. एका सकाळी, चार मिनिटांतच, ती आपणहून म्हणाली, ‘आई, पोपटीला येऊ का? दोन दिवस काढते.’ मी नुसतं ‘ये’ म्हटलं. त्या दिवशी मी ह्यांना शेताच्या बांधावर पिटाळलं, भांबुर्डीचा पाला कुठं चांगला उगवलाय तो हेरून ठेवायला. मडक्यात शेंगांच्या खालीवर तोच घालायचा असतो, त्याच्याशिवाय पोपटीला वास नाही.

आणि नेमकी त्याच दुपारी माझी नणंद शेलूहून आली. मोठी आहे, मी त्यांना वन्सं म्हणते. पदराखालून फोटोच काढला. मुलगा बँकेत, नेरळला नव्या बिल्डिंगमध्ये स्वतःचा फ्लॅट, आईवडील शेतीवाले, आपल्यातलेच. ‘आता पोर येनारच हाय ना,’ वन्सं म्हणाल्या, ‘मग बघून टाका. किती दिस ठेवनार हाय?’ फोटोतला मुलगा खरंच चांगला होता. डोळे साधे. आणि नेरळ म्हणजे किती, रिक्षानं जाऊन भेटून येता येईल. वाटलं, पोर रोज नजरेसमोर राहील. कॉफीच्या निमित्तानं चार मिनिटं चोरायला नकोत.

रात्रभर मी स्वतःला बजावत होते. बोलायचं नाही. आधी येऊ दे, मग बघू. सकाळी पाणी ठेवलं, वीस मोजले, पूड फुगली, झाकण लावलं. ती म्हणाली, ‘तिकीट बघतेय आज.’ आणि माझ्या तोंडून गेलं, ‘बघ बघ. नेरळचे लोकही त्याच दिवशी येतील म्हणतात, नुसतं बघायला गं, मुलगा बँकेत...’

माझंच वाक्य मला ऐकू आलं आणि मी तिथंच थांबले. मी भांड्याकडे बघत राहिले, ती बहुतेक तिच्या. किती वेळ गेला माहीत नाही. मग ती अगदी हळू आवाजात म्हणाली, ‘आई, चार मिनिटं झाली. दाब.’ आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी साडेसहाला फोन वाजला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. पोपटी झाली, ती आली नाही. शेजारच्या पोरांनी मडकं फोडून आमच्या घरी परातभर शेंगा पाठवल्या, ओव्याचा आणि त्या पाल्याचा वास घरभर दरवळला, आणि मला एक शेंग सोलवेना.

मी फोन केला नाही. मी का करू? मी काय वाईट सांगितलं होतं? आईनं चांगलं बघायचं नाही तर कुणी? असं मी दिवसभर भिंतीशी भांडत होते. पण सकाळी साडेसहाला पाय आपोआप खिडकीकडे जायचे. पाणी ठेवायचे, मोजायचे, फुगलेली पूड बघायचे. मग ती चार मिनिटं. काय लांबलचक असतात हो ती! एकट्या माणसाला चार मिनिटं म्हणजे अख्खा दिवस. भांड्याला हात लावायचा नाही, ढवळायचं नाही, आणि बोलायला कुणी नाही. कॉफी उत्तम व्हायची. मला ती मोरीत ओतावीशी वाटायची.

‘तूच लाव की फोन,’ हे म्हणाले.

‘तुम्ही मला शिकवू नका.’

‘नाय शिकवत. पन बिया संपत आल्यात, तेवढं सांगतो.’

मी पिशवी उघडून बघितली. खरंच तळ दिसत होता, फार तर दोन दिवसांच्या बिया. मी ओट्यापाशीच खाली बसले. माझी पोर माझ्या हातानं मी दोनदा घालवली, एकदा सहा वर्षांत थोडी थोडी करून आणि एकदा एका वाक्यात. दुपारी मी वन्संना फोन लावला आणि सांगितलं, तो फोटो परत करा, आणि पुढे कुठलाच आणू नका, पोर सांगेल तेव्हा बघू. वन्संनी मला श्रीखंडापासून सगळं ऐकवलं. ऐकून घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना उलट बोलले नाही.

अकराव्या दिवशी सकाळी साडेसहाला मी फोन गजाला टेकवला आणि स्वतः लावला. दोनदा वाजला, आणि उचलला. तिच्याकडून पाण्याचा आवाज येत होता.

‘पाणी उतरवलंय,’ मी म्हटलं.

जरा वेळानं ती म्हणाली, ‘मोज.’

मी मोजलं. सतरानंतर एकोणीस आला. तिनं टोकलं नाही. पाणी ओतलं, झाकण लावलं. चार मिनिटं सुरू झाली. मी सगळं एका दमात सांगून टाकलं, की वन्संना नाही म्हणून कळवलंय, परत कुणी येणार नाही, आणि माझं चुकलं. ‘चुकलं’ हा शब्द मी तिला कधी म्हटला नव्हता. ती रडत होती, ऐकू येत होतं. मग म्हणाली, ‘आई, मी लग्नच करणार नाही असं नाही गं. पण तुझा फोन आला की पोटात गोळा यायचा. आणि आईच्या फोनची भीती वाटते, याचंच जास्त रडू यायचं. ही कॉफी सुरू झाली तेव्हा ते थांबलं होतं.’

‘मला तू हवीयेस गं बाय,’ एवढंच म्हटलं. ‘लग्न राहू दे, नोकरी राहू दे. तू बोल माझ्याशी.’

‘चार झाली,’ ती नाक ओढत म्हणाली. ‘दाब. हळू.’

दांडा खाली गेला. ह्यांना बशी दिली, माझा कप भरला. घोट घेतला. विहिरीच्या पाण्याची, ताज्या दळणाची, माझ्या लेकीनं शिकवलेली कॉफी.

‘कशी झाली?’

आता नाही खोटं बोलायचं, असं मी रात्रीच ठरवलं होतं. खोट्यावर धरून ठेवलेलं माणूस किती दिवस राहतं? जे व्हायचं ते होवो. म्हटलं, ‘छान झालीय. खरं सांगते, एकदम छान झालीय. जमली मला.’

मी गज घट्ट धरून उभी होते. मग तिचा आवाज आला, बंगळूरचा नाही, आमच्या अंगणातला, तिच्या बापासारखा.

‘नाय गं आई. अशी कशी जमंल? तुला अजून नाय जमत. बिया पाठवल्यात मी, परवा मिळतील. उद्या साडेसहाला परत सांगते.’

मी वळून ह्यांच्याकडे बघितलं. विहिरीच्या कट्ट्यावर दुपारी काय काय बोलणं होत होतं, ते तेव्हा माझ्या लक्षात आलं. त्यांनी बशीतून तोंड वर काढलं नाही.

‘हो गं,’ मी म्हटलं. ‘जरा कडूच लागतेय.’